शेडवरच्या उजेडाचं माप

आमच्या फुलांच्या शेडमध्ये चार माणसं निवडायला बसली, की फुलं पाटीत पडतात आणि गोष्टी पाटीबाहेर सांडतात. फुलं पहिल्या एसटीनं दौंडच्या बाजारला जातात, गोष्टी तिथंच राहतात. उन्हावर चालणारा दिवा आला त्या वर्षीच्या तर एवढ्या साठल्यात!

शिरूरहून नदीच्या कडेकडेनं गेलं की आमचं रान. लाईटचे खांब तिथवर आले नव्हते. शेवंती तोडायची आणि शेडमध्ये चिमणीच्या उजेडात निवडायची. माझी सुमी तेव्हा दीड वर्षाची, माझ्याशेजारी गोधडीवर निजायची. तिला दम लागायचा. छातीत घरघर सुरू झाली की मी फुलं टाकून तिच्या नाकापुढं बोट धरून बसायची. शिरूरचे डॉक्टर म्हणाले, "आधी पोरीला त्या रॉकेलच्या धुरातनं बाहेर काढा. औषध नंतर."

काढून ठेवू कुठं? सासूबाई नव्हत्या, बाकीचे आम्ही सगळे शेडमध्येच.

त्याच दिवसांत पुण्याच्या एका कॉलेजातले साहेब आले. एकोणऐंशी साल असेल. छपरावर काचेचं पॅनेल ठेवायचं, ऊन पडलं की त्याची वीज होते, ती खाली बॅटरीत साठते. ट्रायलसाठी त्यांना एक शेड हवं होतं.

*

साहेबांनी वही उघडली. "ताई, दिवा रोज किती तास लागेल?"

पंगतीत कुणी वाढायला आलं की आपण भूक असली तरी 'पुरे, पुरे' म्हणतो ना, तसंच माझ्या तोंडातून गेलं, "चार तास लागला तरी लई झालं!"

खरं म्हणजे संध्याकाळी निवडायला पाच आणि पहाटे पाट्या भरायला दोन, असे सात तास.

माझे सासरे, आप्पा, ते रेडिओवाले. त्यांचा रेडिओपण बॅटरीलाच जोडायचा होता. तेही म्हणाले, "येक तास बास. निसत्या बातम्या." सकाळी लावलेला रेडिओ आप्पा जेवतानासुद्धा बंद करायचे नाहीत!

भिडेपायी आम्ही मागितलंच कमी. साहेबांनी तेवढ्याच मापाचं पॅनेल आणलं.

*

पॅनेल बसलं, पण दिवा तासाभरातच मान टाकायचा. चिमणी परत पेटली, सुमीची घरघर परत सुरू झाली. साहेबांना निरोप धाडला. ते शिडीवर चढले आणि वरूनच ओरडले, "हे गोणपाट कुणी टाकलं?"

शेजारच्या रानातल्या हिराक्का आमच्याकडं निवडायला यायच्या. त्या पुढं झाल्या. "म्या टाकलं. येवढी म्हागाची काच, दुपारच्या उन्हात तडकंल न्हाई व्हय? रोज वल्लं करून टाकते!"

साहेब शिडीवरच बसले. "अहो मावशी, त्याचं जेवणच ऊन आहे!"

"आगं बया! मंग येवढं दिस उपाशी ठिवलं म्या त्याला!"

दुसऱ्या दिवशी हिराक्कांनी माफी म्हणून हळदीकुंकू वाहिलं. तेही बरोबर काचेच्या मधोमध! मी शिडीवर चढून पुसून काढलं.

*

गोणपाट निघालं, तरी दिवा तीन तासांवर जाईना. मी सातवी पास. यांचं लग्नातलं घड्याळ मागून घेतलं आणि आठ दिवस पत्र्यावर खडूनं रेघा मारल्या. दिवा किती तास, रेडिओ किती तास. साहेबांनी शिकवलं होतं, दिवा तासाला आठ मापं वीज खातो, रेडिओ दोन. सात तासांच्या दिव्याला छप्पन मापं. रेडिओ रोज आठ तास, त्याची सोळा. झाली बहात्तर. पॅनेल द्यायचं चाळीस.

हे रेघांकडं बघत म्हणाले, "रेडिओचं आप्पास्नी तू सांगतीस का मी?"

सांगितलं दोघांनीही नाही. सासूबाई गेल्यापासून दिवसभर आप्पांशी बोलणारं तेवढंच होतं. रात्री चिमणी लावली, ती सुमीपासून लांब, दाराशी ठेवली. धूर काही दारातून जात नव्हता.

*

रेघांचा हिशेब मी साहेबांना कळवला. ते मोठं पॅनेल घेऊन आले, साठ मापांचं.

"याहून मोठं आमच्याकडं नाही. तरी बारा मापं जास्त होतायत, ताई. काय कमी करायचं?"

सुमी माझ्या कडेवर. माझ्या तोंडातून पुन्हा तेच गेलं, "दिवा कमी करा, साहेब. घेऊ भागवून."

"सूनबाई, तू गप." आप्पा खांबाला टेकून बसले होते. "साहेब, वहीतली रेडिओची वळ खोडा. रेडिओ बिघडलाय."

"कधी?"

"काल. निसती खरखर. आता बोलतच न्हाई त्यो."

साहेबांनी पेन उघडलं. तेवढ्यात सुमी कडेवरून खाली उतरली, तुरुतुरु रेडिओच्या खोक्यापाशी गेली आणि रोज आप्पांचं बघून शिकलेलं बटन तिनं फिरवलं.

रेडिओ खणखणीत बोलायला लागला! शेतीचा कार्यक्रम, कांद्याच्या रोपावर कुठलं औषध मारावं ते.

आप्पा मातीकडं बघत राहिले. साहेबांनी औषधाची माहिती संपेपर्यंत नीट ऐकून घेतली. मग वहीवर वाकले आणि लिहितालिहिता मोठ्यानं म्हणाले,

"रेडिओ... बिघडलेला."