माशाला लावलेला कौल

मासा आजारी पडला तेव्हा मी देवावर रागावलेली होते, हे आधीच सांगून टाकते. आमचे हे तेलाच्या जहाजावर असतात. या खेपेला जहाज धोक्याच्या पट्ट्यातून जाणार होतं. तिथे फोन बंद ठेवतात, एवढं सांगून त्यांनी फोन ठेवला, आणि त्यानंतर काहीच कळेना. टीव्हीवर त्याच समुद्राच्या बातम्या लागायच्या आणि सासूबाई रिमोट उशीखाली लपवून ठेवायच्या. अशातच यांचा लाडका गोल्डफिश कोपऱ्यात तोंड घालून बसला. सुट्टीवर आले की हे जेवणाचं ताट घेऊनसुद्धा त्याच्या टाकीसमोर बसतात. आता त्याच्या अंगावर बारीक मीठ भुरभुरावं तसे पांढरे ठिपके आले होते.

आमच्याकडे अडलं-नडलं की देवाला कौल लावतात. गुरव देवाच्या अंगावर पाकळ्या चिकटवतो. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मी गुरवाकडे गेले नाही. टाकीसमोर उभी राहून मनातल्या मनात म्हटलं, हा जगला तर हे सुखरूप परत येतील. वाक्याचा दुसरा अर्धा भाग मी उच्चारला नाही, पण तो होताच. त्या दिवसापासून माझा जीव त्या माशाच्या कल्ल्यांत अडकला.

बाजारातल्या दुकानदाराने निळं औषध दिलं आणि नीट समजावलं. मासा वेगळ्या टबात ठेवा, थोडं जाडं मीठ घाला, हवेचा पंप चालू ठेवा, रोज थोडं पाणी बदला, पण नळाचं ताजं पाणी घालू नका. मी सगळं केलं. ठिपके जरा विरळही झाले होते. पण भित्र्या माणसाला थांबवत नाही. शेजारच्या वहिनी गणपतीपुळ्याहून तीर्थ घेऊन आल्या. सासूबाईंच्या हातावर दिलं, मी घेतलं आणि उरलेलं सगळं टबात ओतलं. तीर्थाने कधी कुणाचं वाईट झालंय का? पण ते पंचामृताचं तीर्थ होतं. दूध, दही, तूप, मध, साखर. वैशाखातल्या उकाड्यात दुपारपर्यंत टबातलं पाणी ताकासारखं झालं, वर तुपाचा तवंग आला, आणि नेमकी तेव्हाच लाईट गेली. पंप बंद पडला.

मासा वर येऊन तोंडाने हवा ओढू लागला. साठवलेलं पाणी सकाळीच संपलेलं, नळाच्या पाण्याला जंतुनाशक पावडरीचा उग्र वास. परसातल्या विहिरीत चांगलं पाणी होतं, पण लाईट नाही म्हणजे मोटर नाही, आणि रहाटाची दोरी कुजून कधीच गेलेली. तव्यावरची पोळी करपून गेली तरी मी तांब्याने तेच पाणी उचलून वरून सोडत बसले होते, तेवढीच हवा मिळेल म्हणून.

सासूबाई दारातल्या खुर्चीवर होत्या. म्हणाल्या, "अगो, येवढी का घाबरलीस? मासाच हाय तो."

मग मला राहवलं नाही. रडत रडत सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "कौल देवाला लावतात गो, माशाला नाय. त्या मुक्या जीवावर माझ्या पोराचं ओझं कशाला टाकतेस?" यांची काळजी त्यांना माझ्याहून कमी नव्हती, हे मला तोवर जाणवलंच नव्हतं.

मी ओल्या हातांनीच नमस्कार केला. म्हटलं, बाप्पा, कौल मागे घेते. यांना तू सांभाळ. माझ्या हाती एवढं पाणी बदलणं आहे, तेवढं होऊ दे.

तेवढ्यात फाटकाबाहेर गाडी थांबली. टपावर दोरीने सामान बांधलेलं. एक गृहस्थ उतरून विचारू लागले, "ताई, गणपतीपुळ्याला कुठनं जायचं? मोबाइलनं कुठं आणून घातलंय, काय कळंना झालंय." बोलीवरून घाटावरचे वाटले. त्यांना रस्ता सांगायचा सोडून मी विचारलं, "ती दोरी देता का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पडवीतल्या टबाकडे. "ह्यो व्हय पेशंट?" म्हणाले आणि टपावरची दोरी सोडायला लागले. ती रहाटावर टाकून, कळशी बांधून त्यांनी स्वतः पाणी शेंदलं. मी टबातलं घाण पाणी काढत गेले, नवं बेताबेताने घालत गेले. त्यांच्या पत्नीने टपावरच्या पिशव्या गाडीत कोंबल्या. सासूबाईंनी देवाजवळचा नारळ त्यांच्या हाती दिला, "आमच्यातर्फे गणपतीपुढे ठेवा" म्हणून. मी दोरी सोडायला गेले तर ते गृहस्थ म्हणाले, "राहू द्या ताई, पाणी परत लागंल." मी रस्ता नीट सांगितला आणि ते गेले. नावही विचारायचं राहिलं.

लाईट संध्याकाळी आली, तोवर पाणी दोनदा बदलून झालं होतं. मासा तळाशी शांत होता. पुढचे काही दिवस धाकधुकीतच गेले, पण एका सकाळी त्याने दाणा खाल्ला. फोन मात्र आला नव्हता. तरी मी त्या दाण्याचा अर्थ लावला नाही. लावायचा मोह झाला, खोटं कशाला बोलू.

पुढे फोन आला. यांचा पहिला प्रश्न, "मासा कसा आहे?"

मला असा राग आला. म्हटलं, "आम्ही जिवंत आहोत का, ते नको विचारायला?"

मग हे हळूच म्हणाले, "मी मनाशी धरलं होतं, मासा बरा असेल तर घरी सगळं बरं असेल."

मला हसू आणि रडू एकदमच आलं. यांचं म्हणणं सासूबाईंना सांगितलं आणि फोन त्यांच्या हाती दिला. त्यांनी लेकाला तेच सुनावलं, "अरे, कौल देवाला लावतात."

रस्ता चुकलेला माणूस कुणाच्याही दारात येऊ शकतो, यात चमत्कार शोधायची माझी पात्रता नाही. पण ती दोरी अजून रहाटावर आहे. मोटर असूनही रोज सकाळी एक कळशी मी हाताने शेंदते. थोडं पाणी तुळशीला, थोडं माशाच्या टाकीत. यांचं जहाज पुन्हा कुठेतरी लांब आहे. मी हात जोडते आणि कामाला लागते, जर-तर काही म्हणत नाही.