क्लचमधली हवा

तिसऱ्या दिवशीही क्लचचा लिव्हर लोण्यासारखा मऊच लागला, तेव्हा मिस्त्रींनी हात टेकले. गाडी दातांच्या डॉक्टरांची. वजनदार, महागडी मोटरसायकल, आणि क्लचला तार नाही. तारेचं काम तेल करतं. त्या तेलात हवा शिरली की लिव्हर कितीही दाबा, क्लच सुटत नाही, आणि पहिला गिअर टाकताना असा आवाज होतो की डॉक्टरांचेच दात आंबावेत.

हवा काढणं म्हणजे मिस्त्रींच्या डाव्या हातचा मळ. खरं तर दोघांच्या. बत्तीस वर्षं पद्धत एकच: बायको स्टुलावर बसून लिव्हर आवळते आणि "दाबलं" म्हणते. मिस्त्री खाली बसून निपल, म्हणजे तेल बाहेर सोडणारा छोटा स्क्रू, सैल करतात, बुडबुडे पारदर्शक नळीतून बाटलीत गेले की ते घट्ट करतात आणि "सोड" म्हणतात. मगच ती सोडते. भांडण झालेलं असलं तरी हे दोन शब्द चालू असायचे. कित्येकदा दिवसभरात तेवढेच.

या वेळी मात्र त्यांनी सील बदलले, नळी बदलली, वरचा सिलिंडरसुद्धा बदलला. पार्टवाल्याला फोन करून डुप्लिकेट माल खपवतोस म्हणून झाडलं.

"एवढं सगळं बदललंत, आता गाडीवालाच बदला," बायको म्हणाली, आणि दोघंही हसले.

अशी हजरजबाबी बाई. म्हणूनच बाकीचं मिस्त्रींनी मनावर घेतलं नव्हतं. परवा रिकामं पातेलं गॅसवर ठेवून ती त्याकडे बघत उभी होती. एका सकाळी तुमची आंघोळ झाली का म्हणून तीनदा विचारलं. वय झालं, आपलं तरी कुठे सगळं लक्षात राहतं, असं त्यांनी स्वतःला समजावलं होतं.

दुपारी मान अवघडली म्हणून ते जरा मागे टेकले आणि निपलऐवजी त्यांची नजर नळीवर गेली.

"दाबलं."

त्यांनी निपल सैल केलं. तेल आलं, बुडबुड्यांची रांग आली, थबकली, आणि सगळी रांग उलटी वर निघून गेली. त्यांनी अजून "सोड" म्हटलं नव्हतं. वर पाहिलं तर तिचा हात मांडीवर होता.

"अगं, मी सोड म्हटलं का?"

"म्हणालात की."

आवाजात जरासुद्धा शंका नव्हती. पुन्हा केलं. पाच वेळांपैकी तीन वेळा तेच. तीन दिवस जेवढी हवा निघत होती, तेवढी ती आत घेत होती. सिलिंडरच खराब निघाला असता तर किती बरं झालं असतं, असं मिस्त्रींना वाटलं. त्याला निदान उघडून बघता येतं.

"दमले मी, जरा पडते," म्हणून ती आत गेली. मिस्त्रींनी मोठी सिरिंज घेतली आणि खालच्या निपलमधून तेल हळूहळू वर ढकललं. वीस मिनिटांत लिव्हर कडक झाला. हे एकट्याने जमतं ते त्यांना पूर्वीपासून माहीत होतं, पण तशी वेळ त्यांनी कधी येऊ दिली नव्हती.

पाचला डॉक्टर आले. "काय निघालं शेवटी?"

"हवाच होती."

आवाज ऐकून बायको बाहेर आली. गाडी पुसून उभी केलेली पाहून तिचा चेहरा उतरला. "अहो, माझ्याशिवायच केलंत?"

"छे गं. शेवटचं एकदा राहिलंय. बस."

ती हात पुसून स्टुलावर बसली. मिस्त्री खाली बसले आणि बंद निपलला पाना नुसता लावला. डॉक्टर बाजूला उभे राहिले.

"दाबलं," ती म्हणाली.

पाना न फिरवता मिस्त्रींनी वर पाहिलं. लिव्हर केव्हाच मोकळा झाला होता, आणि ती रस्त्याकडे बघत होती. तरी ते म्हणाले, "सोड."