फाट्यावरून एक जालना

जालन्याला जायचं असेल तर आम्ही आधी भोकरदनच्या दिशेनं जायचो. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं की तो आपल्याकडं जरा काळजीनं बघायचा, पण आम्हाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. आमचा फाटा जालना-भोकरदन रस्त्यावर आहे. भोकरदनहून येणारी सकाळची बस फाट्यावर येईपर्यंत इतकी भरलेली असते की दारात एक पाय टेकायला मिळाला तरी पुष्कळ. फाट्याच्या तीन किलोमीटर आधी एक मोठं गाव लागतं. तिथं शाळेची मुलं आणि मास्तर उतरतात आणि बऱ्याच सीट मोकळ्या होतात. म्हणून आम्ही फाट्यावरची सगळी माणसं सकाळी दुधाच्या गाडीत उभं राहून तीन किलोमीटर उलटं जायचो, मोठ्या गावी बस पकडायचो आणि थोड्याच वेळात खिडकीतून आपलंच घर बघत जालन्याकडं निघायचो. मासिक पाससुद्धा सगळ्यांचे मोठ्या गावापासूनचेच. लग्न होऊन आले तेव्हा मला ही रीत सासूबाईंनी समजावून दिली होती. मीही ती एकोणीस वर्षं पाळली.

मी जालन्यात एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करते. ओल्या कागदावर शंभर-शंभर दाणे मांडायचे, कागद गुंडाळून ठेवायचे आणि आठवड्यानं किती उगवले ते मोजायचं. काम सगळं उभ्यानं किंवा वाकून, त्यामुळे बसमधला तासभर बसून जावा ही माझी गरज आहे. घर, शेत, म्हशी फाट्यावर आणि पगार जालन्यात, असा आमचा संसार.

दोन वर्षांपूर्वी बातमी आली की या रस्त्याला रेल्वे येणार. मोठी एक्सप्रेस नव्हे. शहरांत असते तशी हलकी, तीन-चार डब्यांची, दिवसभर ये-जा करणारी. ती सुरू झाली की बसच्या फेऱ्या कमी होत जाणार, हेही सोबत कळलं. गावात काही लोक बसच्या आठवणी काढून हळवे झाले. मी झाले नाही. ज्या बसची खिडकी पावसात लागत नाही आणि उन्हाळ्यात उघडत नाही, तिच्यासाठी काय हळवं व्हायचं? मला एवढंच हवं होतं की रेल्वे आमच्या फाट्यावर थांबावी. ती फक्त मोठ्या गावी थांबली, तर तिथलं स्टेशन गावाच्याही पलीकडं, माझ्या घरापासून सहा किलोमीटर पडणार होतं. थंडीत संध्याकाळी अंधारात ते अंतर रोज तुडवणं मला जमलं नसतं. म्हणजे नोकरी सोडायची, नाहीतर जालन्यात खोली घ्यायची. दोन्ही मला नको होतं.

कुठून किती प्रवासी निघतात याची मोजणी करायला रेल्वेची माणसं आली ती एका सोमवारी. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. बसमध्ये प्रत्येकाला विचारत होती, घरून कुठून निघालात, कुठं उतरणार. आमच्या लोकांनी त्यांना तिकीट तपासणारे समजलं. पास मोठ्या गावाचा असताना तोंडातून फाट्याचं नाव निघालं तर दंड बसेल, अशी सगळ्यांना भीती. माझी शेजारीण जालन्याच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, चाळणी करायला जाते. तिनं तर पास त्या माणसाच्या नाकासमोर धरला आणि ठणकावून सांगितलं, "मोठ्या गावातूनच निघाले. बराबर वाचून घ्या." तीन दिवस हेच चाललं. मलाही विचारलं. मीही मोठ्या गावाचंच नाव सांगितलं आणि पुन्हा डोळे मिटले. आयुष्यभर नमुने मोजणारी बाई मी, पण त्या वेळी काही डोक्यात आलं नाही.

दोन महिन्यांनी थांब्यांची यादी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागली. त्यात आमचा फाटा नव्हता. ग्रामसभेत पहिला तास मोठ्या गावाला शिव्या देण्यात गेला. त्यांनी वरपर्यंत हात पोचवला, असं सगळ्यांचं मत पडलं. सरपंच रस्ता अडवायच्या तयारीला लागले. मी यादीच्या मागं जोडलेला कागद मागून घेतला आणि वाचला. फाट्यावरून निघणारे प्रवासी, तीन दिवसांत मिळून दोन.

ते दोघं कोण असतील यावर सभेत बराच खल झाला. शेवटी कोणाला तरी आठवलं की त्या आठवड्यात एका घरी परभणीकडचे पाहुणे आले होते. त्यांना आपली रीत ठाऊक नव्हती, म्हणून ते बिचारे फाट्यावरूनच चढले होते.

मी उभी राहून सांगितलं की कोणी हात पोचवलेला नाही, आपणच खोटं सांगितलंय. आणि उपाय सांगितला. पहिल्या तारखेपासून सगळ्यांनी फाट्यावरूनच चढायचं, पास फाट्यापासूनचे काढायचे, ज्यांच्याकडे पास नाही त्यांनी रोजची तिकिटं जपून ठेवायची. महिन्याभरानं हरकती ऐकायला अधिकारी मोठ्या गावच्या शाळेत येणार होते. तोवर आपल्याकडं कागद तयार हवेत.

रस्ता अडवायला सगळे तयार होते. उभं राहून जालन्याला जायला कोणी तयार नव्हतं.

"वयनी, तुमच्या रेल्वेपायी माझे गुडघे जायचे," शेजारीण म्हणाली. "दिवसभर मी उभीच राह्यते. जाताना बी उभी राह्यले तर चाळणी कोण धरंल, तुम्ही?"

मी म्हटलं, धरीन. रविवारी येते. त्यावर ती हसली, पण कबूल झाली नाही. चार दिवस मी घरोघर फिरले. काहींनी माझ्या मुर्वतीखातर होकार दिला, काहींनी माझी पीडा टळावी म्हणून. शेजारीण शेवटच्या दिवशी तयार झाली आणि एकच आठवडा, असं तिनं बजावलं.

पहिल्या तारखेला आम्ही चाळीसेक माणसं फाट्यावर उभी. कोणी गुडघ्याला पट्टा बांधलेला, कोणी पाठीच्या दुखण्याची गोळी आधीच घेतलेली. दुधाची गाडी आली, थांबली, आणि कोणीच चढेना म्हणून गोंधळून पुढं गेली. मग बस आली. मी कंबर कसली आणि दारातून आत पाहिलं.

अर्धी बस रिकामी होती.

मोठ्या गावचे जेवढे होते तेवढे बसलेले आणि बाकीच्या सीट मोकळ्या. आम्ही वीस-बावीस जण आरामात बसलो. उरलेले उभे राहिले, तेही दांडा धरून, मोकळे. फाट्यावर येईपर्यंत बस रोज भरायची ती आमच्याचमुळे, हे तेव्हा सगळ्यांच्या एकदम ध्यानात आलं. मग शेजारणीनं पिशवी मांडीवर घेतली आणि म्हणाली, "म्हंजे इतकी वर्षं आपणच आपली जागा अडवून बसल्तो."

कंडक्टर मात्र खूश नव्हता. तो या रस्त्यावर माझ्याइतकाच जुना. तिकीट मागताना मी म्हटलं, फाट्यावरून एक जालना. पास त्या दिवशी जालन्यात बदलून घ्यायचा होता. त्यानं मशीन हातात धरलं, पण बटण दाबलं नाही.

"ताई, तुम्ही काय करून राह्यल्या ते मला ठावं हाय," तो म्हणाला. "ही तिकिटं दाखवून तुम्ही फाट्यावर रेल्वेचा थांबा घेणार. मंग माझी गाडी बंद. आन् तिकिटं मीच द्यायची?"

त्याचं बरोबरच होतं. मी त्याला काही गोड सांगितलं नाही. रेल्वे येणार हे ठरलंय, ती फाट्यावर थांबली नाही तरी येणारच, असं म्हटलं. पण ती फाट्यावर थांबली, तर फाट्याच्या आतली सात-आठ गावं तिथं कशी येतील? त्यांना आज बसच नाही. तिथं गाडी लागेल आणि ती तुम्ही मागायला हवी, आत्ताच, लेखी. त्यानं थोडा विचार केला.

"अर्ज तुम्ही लिहून द्याल?"

"देते."

त्यानं बटण दाबलं. अर्ज मी त्याच आठवड्यात लिहून दिला. त्यानं बारा सहकाऱ्यांच्या सह्या घेऊन तो वर पाठवला.

शेजारणीनं ठरवलेला आठवडा संपला, पण ती काही बोलली नाही, कारण तिला रोज खिडकी मिळत होती. महिनाभरात तिकिटांचे गठ्ठे जमले. मी ते प्रयोगशाळेत करते तसे शंभर-शंभराचे केले, प्रत्येकावर तारीख घातली आणि पासांच्या झेरॉक्स जोडल्या. सुनावणीला अधिकारी बाई होत्या, तिशीतल्या. मी गठ्ठे टेबलावर ठेवले आणि सरळ सांगितलं की पहिल्या मोजणीत आम्ही सगळ्यांनी खोटी उत्तरं दिली, मीसुद्धा. कारणही सांगितलं. त्या हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "मग आता खरं सांगताय हे मी कशावरून धरू?"

"धरू नका," मी म्हटलं. "पुन्हा मोजा. कधी येणार ते आम्हाला सांगू नका."

दिवाळीनंतर एका सकाळी ती माणसं न सांगता आली. या वेळी टॅब घेऊन फाट्यावरच उभी होती. शेजारणीला विचारलं, कुठून बसणार. ती म्हणाली, "हितून. बिलकुल हितूनच. लिहा."

सुधारलेली यादी मागच्या महिन्यात लागली. आमचा फाटा तिच्यात आहे. आतल्या गावांच्या बसबद्दल अजून उत्तर आलेलं नाही. कंडक्टरला स्मरणपत्र लिहून दिलंय. ओढ्याच्या पलीकडं स्टेशनच्या जागेवर मोजणीचे दगड रोवले गेलेत, आमच्या गोठ्यापासून पायी सात मिनिटांवर. मी चालून पाहिलं. रूळ पडायला वेळ लागेल, पण माझी नोकरी अजून बारा वर्षं आहे.

तोवर बस आहे. दुधाची गाडी आता फाट्यावर थांबत नाही.