सरासरीच्या डाव्या बाजूची मुले

आमचे मानसशास्त्राचे मोहोड सर गेल्याचे माझ्या कॉलेजच्या वर्गातल्या नलिनीने मला मी शिकवते त्या शाळेत येऊन सांगितले. माझा पाचवीचा तास चालू होता. ती दाराशीच थांबली आणि मी बाहेर गेल्यावर म्हणाली, "बाई, आपले सर गेले. नुसत्या तापाचं निमित्त झालं." मी वर्गात परतून उरलेला धडा शिकवला, काय शिकवले ते आठवत नाही... त्याला आता काही आठवडे लोटले. मला लिहिण्याची सवय नाही, चारचौघांत बोलण्याची तर त्याहूनही नाही. पण सरांच्या एका प्रश्नाचे उत्तर माझ्याकडून द्यायचे राहून गेले, आणि ते मला स्वस्थ बसू देत नाही.

पस्तिशी उलटल्यावर मी वर्ध्याच्या महाविद्यालयात मानसशास्त्र घेऊन बी.ए.च्या वर्गात दाखल झाले. शाळेने परीक्षेपर्यंत बिनपगारी रजा दिली होती. ती पुन्हा मिळणार नाही, हेही बजावले होते. वर्गातल्या मुली वयाने माझ्या निम्म्या, आणि सरसुद्धा माझ्याहून लहान. ते मला 'बाई' म्हणत, मी त्यांना 'सर' म्हणे, आणि दोघेही संकोचत असू. मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना संख्याशास्त्राची प्रश्नपत्रिका तेव्हा नुकतीच सक्तीची झाली होती. सगळा वर्ग कुरकुरत होता. नलिनी तर एकदा उभीच राहिली. "सर, आम्ही मन समजून घ्यायले आलो. मनाची कुठं सरासरी काढतात का?" सर कधी एका जागी उभे राहत नसत. बाकांमधून येरझारा घालत, हातातला खडू उडवून झेलत ते म्हणाले, "मनाची नाई काढत. पण मनाबद्दल आपण जे ठोकून देतो ना नलिनीबाई, त्याले काही लगाम पाह्यजे का नाई?" सर केळझरकडच्या शेतकरी घरातले. शांत असले की पुस्तकी मराठी बोलत, मनात खळबळ झाली की वऱ्हाडी. आणि शांत असे ते क्वचितच असत.

परीक्षेपूर्वी प्रत्येकाने एक प्रयोग स्वतः करून त्याचे जर्नल सरांच्या सहीने सादर करायचे होते. सही नाही तर परीक्षा नाही. मी मुलांच्या स्मरणशक्तीचा प्रयोग घेतला : आकड्यांची ओळ वाचून दाखवायची, मुलाने ती तशीच म्हणायची, ओळ हळूहळू लांबवत न्यायची. माझी पहिली नोकरी नाचणगावच्या शाळेत झालेली, म्हणून तीच शाळा निवडली. तिथल्या गुरुजींना आधी निरोप पाठवला. मुले स्वच्छ सदरे घालून बसली होती, आणि ती इतकी छान म्हणत गेली की मला भरून आले. रात्रंदिवस गणिते करून मी आलेख काढला. सरांनी तो खिडकीपाशी नेऊन पाहिला, परत आले, पुन्हा खिडकीपाशी गेले. "बाई, पुस्तकात या वयाची जी सरासरी देली, त्या सरासरीच्या डाव्या बाजूले, कमी आकड्यांकडं, कोणीच नाई. एकही कच्चं पोर नसलेली शाळा मी अजून पाह्यली नाई."

दुसऱ्याच सकाळी ते माझ्याबरोबर नाचणगावला जायला पुलगावच्या गाडीत बसले. गुरुजींनी आमचे आनंदाने स्वागत केले, आणि विचारल्यावर जराही न लपवता सांगितले, "कच्ची पोरं घरी ठेवली ना जी! डिप्टीसाहेब तपासणीले येतात तवाबी असंच करतो. बाई एवढ्या वर्ध्याहून तपासायले येणार, गावाची इज्जत नाई का?" तपासणीच्या दिवशीची ही रीत कोणत्या शाळेत नसते? आपणच तपासणीसारखा निरोप पाठवला, असे सर म्हणाले, आणि गुरुजींना बरोबर घेऊन थेट शेतांकडे निघाले. कापूस वेचणीचे दिवस होते, शाळेत न आलेली मुले तिथेच होती. धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उकिडवे बसून सर आकडे वाचू लागले, तशी एक मुलगी कमरेला खोचलेल्या ओट्यातला कापूस सावरत मैत्रिणीला म्हणाली, "हा साहेब नुसते आकडेच म्हणून राह्यला, काई इचारत तं नाई!" सर इतके हसले की त्यांची ओळ चुकली आणि त्यांना ती पहिल्यापासून म्हणावी लागली. ती मुले खरोखरच कच्ची होती. पण होती.

परतीच्या गाडीत मी हिशेब केला. आणखी पुष्कळ मुले गाठायची, सगळी गणिते नव्याने मांडायची; जर्नल देण्याची मुदत दोन दिवसांवर. सर ओळखून म्हणाले, "बाई, जुन्या आलेखावर मी उद्या सही करतो. लबाडी तुमची नाही. फक्त तो खोटा आहे, हे आता आपल्या दोघांना माहीत आहे." दुसऱ्या दिवशी त्यांनी खरोखरच पेनचे टोपण काढले. मी जर्नल टेबलावरून हळूच माझ्याकडे ओढून घेतले... मुदत वाढवून मिळावी म्हणून सर विभागप्रमुखांशी भांडले. ती मिळाली नाही. माझे वर्ष गेले, रजा संपली, मी शाळेत परतले. पदवी अजून व्हायची आहे.

त्यानंतर एका रविवारी ते आमच्या घरी आले. बसा म्हटले तरी बसले नाहीत. उभ्याने चहा घेतला, कप हातातच ठेवून ओसरीवर फेऱ्या घालत राहिले, आणि एकाएकी थांबून म्हणाले, "बाई, सहीची गोष्ट काढाले नव्हती पाह्यजे मी. न विचारता करून टाकली असती, तं तुमचं वर्ष वाचलं असतं. चुकलो का मी?" मी कप घेऊन आत गेले. बाहेर आले तोवर ते सायकलवर बसले होते. रजा संपल्याचा सल होता, घरी ऐकावी लागलेली बोलणी ताजी होती. पुढे अनेकदा वाटले, जावे आणि सांगावे. पण काय सांगावे, ते ठरत नव्हते.

मागच्या आठवड्यात आमच्या शाळेची तपासणी झाली. आदल्या दिवशी मुख्याध्यापिकाबाई नेहमीप्रमाणे म्हणाल्या, "त्या मागच्या बाकावरच्या पोरींना उद्या घरीच राहा म्हणावं." मी मान हलवली, उलट बोलणे मला आजही जमत नाही. शाळा सुटताना त्या बाकापाशी गेले. मुली दप्तरे भरत होत्या. "उद्या वेळेवर या," एवढेच म्हणाले. दुसऱ्या दिवशी तपासणीच्या साहेबांनी पाढे विचारले. एक अडली, दुसरी चुकली, तिसरी रडू लागली. मुख्याध्यापिकाबाई माझ्याकडे रोखून पाहत होत्या आणि मी जमिनीकडे. पुढे काय होईल ते अजूनही कळलेले नाही... तुम्ही विचारले होते, चुकलो का. वर्ग मात्र पुरा होता, सर.