मंदाबाईंच्या डोळ्याला लागेल तेवढी रुंदी

शिरीष गेल्याचा फोन आला तेव्हा मी नाशिकमधल्या अंबडच्या आमच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलापाशी उभा होतो. सकाळचे नऊ चाळीस झाले होते. उज्ज्वलावहिनी एवढंच म्हणाल्या, डायलिसिसला नेत होतो, रस्त्यातच… मी फोन खिशात टाकला आणि टेबलावर काम करणाऱ्या मंदाबाईंना सांगितलं. त्यांनी हातातला बुश, मापायला घेतलेली धातूची आखूड नळी, खाली ठेवला आणि समोरच्या स्क्रीनकडे पाहिलं. त्याला आता पाच आठवडे झाले. त्या स्क्रीनसाठी शिरीषनं घालवलेला एक आठवडा आम्हा दोघांखेरीज फारसा कुणाला माहीत नाही, म्हणून हे लिहितो आहे.

शिरीष माझा शाळेपासूनचा मित्र, पुढे सिडकोत शेजारी. पुण्याला बरीच वर्षं प्रोग्रामिंगची नोकरी केली, मूत्रपिंडं गेल्यावर नाशिकला परतला आणि घरातल्या घरात लहान कारखान्यांसाठी प्रोग्राम लिहू लागला. मी सांभाळतो त्या तपासणी विभागाचा प्रोग्राम त्याचाच. मधे पार्टचं ड्रॉइंग, खाली मापं भरायचं पॅनेल आणि डाव्या कडेला चिकटलेलं पार्ट नंबरांच्या यादीचं पॅनेल, अशी त्याची मांडणी. या डाव्या पॅनेलची रुंदी वापरणाऱ्याला ओढून कमी-जास्त करता यावी असं त्याला पहिल्यापासून वाटत होतं. मी नाही म्हणालो. तपासणीची प्रत्येक गोष्ट प्रत्येक टेबलावर सारखी हवी, हा माझा हट्ट. मी माझ्या स्क्रीनच्या काचेला व्हर्नियर लावला, चौसष्ट मिलिमीटर मोजले आणि त्याला आकडा कळवला. तो हसला होता. काचेला व्हर्नियर लावणारा माणूस त्यानं तोवर पाहिला नव्हता. पण माझ्या शब्दाखातर त्यानं रुंदी तेवढीच कायम केली.

मंदाबाई सायखेड्याहून येतात. अठरा वर्षं त्या या टेबलावर आहेत आणि त्यांचा शिक्का बसल्याशिवाय आमचा माल बाहेर पडत नाही. दोन वर्षांपासून त्यांची नजर कमी झाली म्हणून त्यांनी प्रोग्राममधली अक्षरं मोठी करून घेतली. अक्षरं वाढली, पॅनेल चौसष्टावरच राहिलं. त्यामुळे लांब पार्ट नंबरांचे शेवटचे दोन अंक कडेखाली कापले जाऊ लागले. त्या ते अंदाजानं ओळखत, कुणाला सांगत नसत. एकदा अंदाज चुकला. शेवटच्या अंकाचाच फरक असलेल्या दोन बुशांपैकी भलत्याचं ड्रॉइंग उघडलं गेलं आणि एकशे चाळीस बुश चुकीच्या मापानं पास झाले. सगळा लॉट गिऱ्हाइकाकडून परत आला. सोमवारी शेठनी मला बोलावून सांगितलं की बाईंना आता दिसत नाही, पुढच्या सोमवारपासून त्यांना पॅकिंगला बसवा. पगार तोच राहणार होता. पण मंदाबाईंनी ते ऐकलं आणि शिक्का फडक्यात गुंडाळून माझ्या टेबलावर आणून ठेवला. मी तो परत दिला. म्हणालो, अजून आठवडा आहे. शेठना मात्र मी काहीच बोललो नव्हतो…

संध्याकाळी शिरीषला हकिकत सांगितली. दुसऱ्या दिवशी तो काठी टेकत कारखान्यात आला आणि अर्धा दिवस मंदाबाईंच्या बाजूला स्टुलावर बसून राहिला. त्या नाक स्क्रीनला लागेपर्यंत वाकत होत्या ते त्यानं पाहिलं. निघताना मला गेटपाशी थांबवून म्हणाला, "चूक बाईंची नाही. माप तू दिलंस, खिळा मी ठोकला. खिळा मी काढतो. चौसष्टाचं शेठना तू सांगायचं."

सोमवार, बुधवार, शुक्रवार त्याचा डायलिसिस असे. चार-चार तास उजव्या हातात सुया. बुधवारी त्यानं लॅपटॉप तिथं नेला आणि डाव्या हातानं काम केलं. दोन पॅनेलांच्या मधली कड माउसनं पकडून ओढायची, एका बाजूचं रुंद होईल तसं दुसऱ्या बाजूचं आक्रसेल, एवढंच काम. कड चार पिक्सेलची ठेवली होती. त्याच्या सवय नसलेल्या डाव्या हाताला ती सापडेना. वहिनींनी नंतर सांगितलं, की त्या लॅपटॉप मिटायला गेल्या तर तो म्हणाला, राहू दे, मला नाही सापडत तर बाईंनाही सापडणार नाही. त्यानं कड दहा पिक्सेलची केली.

गुरुवारी तो पुन्हा कारखान्यात आला आणि मंदाबाईंनी कड पहिल्यांदा ओढून पाहिली. हात चुकून डावीकडे गेला आणि पॅनेल आक्रसत आक्रसत नाहीसंच झालं. "गेलं की ओ भाऊ सगळं," त्या घाबरून म्हणाल्या, "मी कायबी नाय केलं." शिरीष म्हणाला, तुम्ही नाही, मी विसरलो. किती लहान होऊ द्यायचं याची मर्यादाच घातली नव्हती. तिथंच बसून त्यानं ती घातली. मग बाईंनी कड उजवीकडे ओढली आणि पुरा नंबर पहिल्यांदा मोठ्यानं वाचला.

शुक्रवारी सकाळी स्क्रीन सुरू केली तर पॅनेल पुन्हा चौसष्टावर. मंदाबाई म्हणाल्या, "जाऊ द्या साहेब, पॅकिंगलाबी माणसंच बसत्यात." मी रजा टाकून शिरीषचा डायलिसिस चालू होता तिथं गेलो. शिरीष चिडला नाही. प्रोग्राम बंद होताना रुंदी लिहून ठेवतो, मग राहायलाच हवी होती, असं दोनदा पुटपुटला. मग मला विचारलं, "तुमच्याकडे प्रोग्राम बंद कसा करतात?" मी सांगितलं, बंद कुणीच करत नाही. सुटीचा भोंगा झाला की शेडचा मेन स्विच पाडतात, सगळं एकदम बंद. "सहा वर्षं हा प्रोग्राम तुमच्याकडे चालतोय," तो म्हणाला, "आणि तुम्ही रोज त्याचा गळा दाबताय?" शेजारच्या खाटेवरचे गृहस्थसुद्धा हसले. आमच्याकडे सगळे असंच करतात असं मी म्हणालो, तेव्हा तो गंभीर झाला. आता माणसं बदलायला वेळ नाही, म्हणाला. त्याच दुपारी त्यानं प्रोग्राम बदलला. माउसचं बटण सोडलं की त्याच क्षणी रुंदी लिहिली जाईल, वीज कधीही जावो.

शनिवारी भोंगा होईपर्यंत तो कारखान्यात थांबला. मंदाबाईंनी कड ओढून ठेवली. मेन पडला, शेडमधे अंधार झाला. पाच मिनिटांनी त्यानं मला मेन चढवायला लावला. पॅनेल जिथल्या तिथं होतं. मंदाबाईंनी कडेला स्टीलची पट्टी लावली. मी विचारलं, किती? "एकशे बारा," त्या म्हणाल्या. शिरीष स्टुलावर टेकून डोळे मिटून बसला होता. त्याचे पाय खूप सुजले होते.

सोमवारी शेठ येऊन मागे उभे राहिले. मी चौसष्टाचं सगळं सांगितलं, व्हर्नियरसकट. सांगायला फार तर दोन मिनिटं लागली. ती मी आठवडाभर पुढे ढकलली होती. शेठनी बाईंना तीन नंबर वाचायला लावले. त्यांनी शेवटच्या अंकापर्यंत वाचले. "बसा तिथंच," एवढं म्हणून शेठ गेले. शिरीषला फोन केला तर त्यानं पहिल्यांदा विचारलं, तू सांगितलंस का? हो म्हटल्यावर, मग बाईंचं काय झालं ते विचारलं.

त्यानंतर तो सात महिने होता. त्या काळात त्यानं खालचं पॅनेलही ओढता येईल असं केलं, आणि हे सगळं कसं केलं ते मला समजेल अशा मराठीत एका वहीत लिहून दिलं. मी प्रोग्रामर नाही. पण ती वही घेऊन रोज एक तास बसतो. एकोणीस पानं झाली आहेत, तेवीस उरली आहेत. ड्रॉइंगमधली अक्षरं मोठी करायचं त्याच्याकडून राहून गेलं, ते मी करणार आहे.

गेल्या आठवड्यात तपासणीला एक नवी मुलगी आली. मंदाबाईंनी तिला आपल्या खुर्चीवर बसवलं. मी व्हर्नियर धरायला शिकवण्यासाठी पुढे झालो, तर बाईंनी मला हातानंच थांबवलं. "आधी ही कड पकड," त्या तिला म्हणाल्या. "वढ. घाबरू नको, नाय जात कुठं. तुझ्या डोळ्याला लागंल तेवढी वढ, मग कामाला लाग."

मुलीनं ओढली, सोडली आणि माप विचारल्यासारखं माझ्याकडे पाहिलं. मी काही आकडा सांगितला नाही.