जर्मन बटणं

नव्वदच्या दशकात नेरूळच्या आमच्या सोसायटीत संगणकाचे तज्ज्ञ एकच होते आणि सेक्रेटरीही तेच होते. दोन्ही पदांसाठी त्यांच्याविरुद्ध कोणी उभं राहिलं नव्हतं. आखातात ते नेमकं काय करत होते हे कोणालाच ठाऊक नव्हतं. येताना मात्र त्यांनी एक संगणक आणला, आणि प्रत्येक वाक्य ‘यू सी’ने सुरू करायची सवय आणली. तळमजल्यावरच्या गाळ्यात त्यांनी कॉम्प्युटर सेंटर काढलं. चपला बाहेर. आत उदबत्ती, एसीची गार हवा आणि क्रोशाच्या रुमालांखाली झाकलेली मशीनं. शिकायला येणारी माणसं देवळात बोलावं तशी हळू बोलत.

त्या दारात चपला काढायची वेळ माझ्यावर आली ती बायकोमुळे.

ती बेलापूरला एका सरकारी कचेरीत टायपिस्ट होती. साताऱ्याच्या टायपिंग क्लासमधल्या जड लोखंडी मशीनवर तिची बोटं तयार झालेली. तिचा वेग हा कचेरीत दाखवायचा प्रकार होता. पाहुणे आले की साहेब त्यांना तिच्या टेबलापाशी घेऊन येत. मग संगणक आले. साहेबांनी नारळ फोडला, फोटो काढून घेतले आणि सर्क्युलर काढलं: दसऱ्यानंतर सगळ्या टायपिस्टांची नव्या मशीनवर चाचणी. नापास होईल त्याची बदली आवक-जावक विभागात. म्हणजे उरलेली नोकरी पाकिटं चिकटवण्यात.

“पाकिटं कोणीही चिकटवेल,” ती म्हणाली. “मी टायपिस्ट आहे.”

अडचण कीबोर्डची होती. कचेरीने घेतलेल्या नव्या कीबोर्डांत बटणांखाली रबराची एक सलग चादर होती. अक्षर नेमकं कधी उमटलं ते बोटाला कळतच नसे. “चिखलात बोट घातल्यासारखं वाटतं हो,” ती म्हणायची. तिच्या वेगात अक्षरं गळत. साहेबांच्या मते दोष बोटांचा होता, कारण कीबोर्डची निवड त्यांनी स्वतः केली होती.

मार्ग तिनेच काढला. टायपिंगच्या सरकारी परीक्षेला उमेदवार आपापलं मशीन घेऊन जात. आमचं लग्न ठरलेलं असताना तिचं मशीन मीच खांद्यावर टाकून परीक्षेच्या शाळेत नेलं होतं, आणि भावी सासऱ्यांच्या नजरेत थोडा वर चढलो होतो. “मशीन नेलेलं चालतं, तर कीबोर्ड नेलेला का नाही चालणार?” ती म्हणाली. “तुम्ही फक्त चांगल्या बटणांचा शोधून आणा.”

तुर्भ्याच्या भंगार गोदामांत जुन्या, जड कीबोर्डांचे ढीग पडलेले असत. कंपनी सुटली की मी तिथे जाई. पेचकसाने एकेका बटणाची टोपी उचकटायची आणि खाली काय आहे ते पाहायचं. काहींत फोमचे तुकडे होते. बोट लावलं की त्यांचा काळा भुगा होई. काहींत समोरासमोर दोन पितळी पत्र्या. बटण दाबलं की त्या एकमेकींना टेकतात आणि अक्षर उठतं. पण खाडीच्या खाऱ्या हवेने त्या हिरव्या पडलेल्या. अशी पत्री कधी टेकली की सोडत नाही, तर कधी टेकतच नाही.

“साहेब, बटन बघून काय भेटनार?” भंगारवाला म्हणाला. “दाबलं की सगलीच दबतात.”

एक कीबोर्ड मात्र वेगळा निघाला. टोपीखाली काळी, गुळगुळीत दांडी. ना फोम, ना पत्री. दाबलं की तेलात बुडावी तशी खाली जाई आणि सोडल्याबरोबर वर येई. आत काय आहे ते मला कळलं नाही. न कळलेली वस्तू माणूस तज्ज्ञाकडे नेतो. मीही नेली.

सेक्रेटरींनी कीबोर्ड उचलला, कानाशी धरला आणि डोळे मिटून एक बटण दाबलं. सेंटरमधल्या दोन मुली श्वास रोखून उभ्या.

“जर्मन,” ते म्हणाले.

“कशावरून?”

“यू सी, आवाजावरून. आत सोन्याच्या पत्र्या असतात. आपल्याकडे हे समजणारी माणसं कमी.”

आवाज तर काहीच आला नव्हता. मी तसं म्हणालो. त्यावर ते क्षमाशीलपणे हसले. “तीच तर जर्मनांची खासियत आहे.” मागच्या आठवड्यात त्यांनी आणखी एक कीबोर्ड जर्मन ठरवला होता, तो कटकट वाजायचा.

पण कीबोर्ड चालला हे खरं. बायकोने बोटं ठेवली आणि तिचा चेहराच बदलला. मग रोज संध्याकाळी ती सेंटरमध्ये सराव करू लागली, आणि सेक्रेटरी येणाऱ्या-जाणाऱ्याला तिचा वेग दाखवू लागले, जणू तो त्यांनीच आखातातून आणला होता.

चाचणी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी होती. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, सेंटरमध्ये यंत्रपूजन झालं. नगरसेवक आले, शाल आली. सेक्रेटरींनी वैज्ञानिक दृष्टिकोनावर भाषण केलं आणि ते संपताच क्रोशाचे रुमाल काढून सगळ्या कीबोर्डांवर ओंजळीने हळद, कुंकू, अक्षता उधळल्या. वरून फुलाने तीर्थ शिंपडलं. आमचाही कीबोर्ड त्याच रांगेत होता.

“अहो, एवढं नाही घालायचं!” बायको कळवळून म्हणाली. “मशीनला आम्ही वरच्या पत्र्यावर कुंकवाचं बोट टेकवतो फक्त.”

“वहिनी, श्रद्धेत कंजुषी नको,” सेक्रेटरी म्हणाले. नगरसेवकांनी मान डोलावली.

प्रसादाआधीच सेंटरचा एक कीबोर्ड स्वतःहून टाइप करू लागला. पडद्यावर एकच अक्षर ओळीमागून ओळ धावत होतं. दुसरा मुका झाला. सेक्रेटरींनी दोन्ही कानाशी धरले, पण या वेळी कोणत्याही देशाचं नाव घेतलं नाही. मग त्यांनी आमचा उचलला, हलवला, परत ठेवला.

“हाही गेला. यू सी, पत्र्यांमध्ये कुंकू गेलं की संपलं.”

“लावून तरी बघू,” मी म्हणालो.

“छे! शॉर्ट झाला तर माझं मशीन उडेल.”

दसऱ्याला सगळं बंद. भंगारवाल्याने तर कुलपालाही हार घातला होता. दुसरा कीबोर्ड मिळणार नव्हता, आणि हा जिवंत आहे का ते पाहायला घरी संगणक नव्हता. बायको जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून बसली होती. बटणांच्या टोप्या काढून ती शिवणाच्या सुईने फटींतलं ओलं कुंकू कोरत होती. पाकिटांबद्दल ती काही बोलत नव्हती, आणि त्याचीच मला धास्ती वाटत होती.

“अहो,” ती एकदम म्हणाली. “सुई ओढतंय हे.”

सुई काळ्या दांडीला चिकटून आडवी लोंबत होती. दुसऱ्या दांडीला लावली, तिलाही चिकटली. प्रत्येक दांडीत लोहचुंबक होता.

आमच्या कंपनीत पावडर भरण्याच्या मशीनवर असंच एक साधन होतं. तिथे पावडर इतकी उडायची की साधे स्विच टिकत नसत. म्हणून चुंबक नुसता जवळून जाई आणि आतल्या बंद भागाला ते समजे. कशाला काही टेकायचंच नाही, मग मध्ये घाण अडकणार कुठे? मी हे सांगितलं.

“म्हणजे चालेल?”

“आत पत्र्याच नाहीत. नसलेल्या पत्र्या बिघडणार कशा?”

“नक्की?”

“सुई तरी आवाजावरून सांगत नाही.”

तिने कीबोर्ड पुसला, रात्रभर पंख्याखाली ठेवला आणि सकाळी टायपरायटरच्या जुन्या खोळीत घातला. खांद्यावर मीच घेतला.

कचेरीत साहेबांनी खोळ पाहून कपाळाला आठ्या घातल्या. “सरकारी परीक्षेला परवानगी मशीन आणायची असते. बटणांची नव्हे.”

“बटणं मशीनचीच असतात ना, साहेब?”

याविरुद्ध नियम सापडेना. नियम सापडत नाही तेव्हा साहेब लोक उदार होतात. “लावा, पण नाही चाललं तर निकाल तोच समजायचा.”

मी दारात उभा होतो. तिने कीबोर्डची पिन संगणकात खोचली आणि पदराला हात पुसले. पहिलं बटण दाबताना तिने डोळे मिटले होते. पडद्यावर अक्षर उठलं. एकच. मग तिने डोळे उघडले आणि तिची बोटं सुटली. कुठल्या तरी फटीत उरलेलं कुंकू बारीक धुरळ्यासारखं वर उडत होतं आणि टेबलावरच्या सरकारी काचेवर बसत होतं. साहेब आधी घड्याळाकडे बघत होते, मग तिच्या हातांकडे. शेवटी त्यांनी शिपायाला हाक मारून शेजारच्या विभागातल्या साहेबांना बोलावून आणायला सांगितलं. त्यांना दाखवायला.

ती टायपिस्टच राहिली.

संध्याकाळी सेक्रेटरी जिन्यात भेटले. निकाल त्यांच्या कानावर आला होता. “मी म्हणालो होतो ना? जर्मन!”

मी त्यांना घरी बोलावलं. बायकोने एका बटणाची टोपी काढली आणि दांडीला सुई लावली. सुई लटकली. सेक्रेटरी वाकले, त्यांनी चष्मा सारखा केला आणि बराच वेळ निरखून पाहिलं.

“यू सी,” ते म्हणाले, “जर्मन लोहचुंबक.”