निशाण पुन्हा चढवलं तेव्हा

अमेरिकेतल्या मेन राज्याच्या किनाऱ्यावरच्या कार्व्हर्स हेड गावात थेडा फिलब्रुकला ओळखत नाही असा माणूस सापडायचा नाही, आणि तिनं ज्याला एकदा तरी झापलं नाही असाही. बंदराला कवेत घेणारा दगडी बंधारा तिथे मैलभर समुद्रात गेलाय. त्याच्या टोकाला जुनं दीपगृह आहे, आणि उन्हाळ्यात शनिवार-रविवार ते उघडायचं काम थेडाचं. सकाळी ती चालत टोकाला जाई आणि निशाण चढवी. निशाण वर असलं म्हणजे दीपगृह उघडं. नसलं तर उगाच पायपीट करू नका. किनाऱ्यावर शेवंडीचा पाव खात बसलेले पाहुणे आधी त्या काठीकडे बघत आणि मगच उठत.

तिची नजर मात्र माणसाच्या तोंडाआधी त्याच्या बुटांवर जाई. बंधारा म्हणजे ग्रॅनाइटचे धोंडे नुसते शेजारी शेजारी मांडलेले. मधल्या फटीत लहान मुलाचा पाय सहज जाईल. उंच टाचा घालून आलेल्या एका नवरीला तिनं अर्ध्या वाटेतून परत पाठवलं होतं. "बाई, फोटो किनाऱ्यावरही चांगले येतात. हाड मोडल्यावर कुठेच येत नाहीत."

आता थेडा स्वतःच अठ्ठ्याहत्तरची झाली होती. वसंतात गुडघ्यानं दगा दिला तेव्हा तिच्या धाकट्या भावानंच, मर्लनं, दीपगृहाच्या मंडळात विषय काढला. मर्ल शेवंडी पकडतो आणि मंडळाचा अध्यक्षही तोच.

"ज्या दिवशी तुला स्वतःच्या पायांनी परत येता येणार नाही, त्या दिवसापासून मंडळाच्या किनाऱ्यावरच्या दुकानात बसायचं. टोप्या विकायच्या."

"टोप्या तू विक. तुझ्या टकलाला त्यांची जास्त गरज आहे."

सगळे हसले, पण तिला ती अट कबूल करावीच लागली. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. सोमवार ते शुक्रवार ती फक्त शनिवारची वाट बघे. टोप्यांच्या दुकानात बसायचं म्हणजे जिवंतपणीच आवरून ठेवल्यासारखं तिला वाटे.

ऑगस्टमधल्या एका शनिवारी पाच वाजता शेवटचे पाहुणे गेले. तिनं निशाण उतरवलं, दार लावलं, आणि शेवटच्या पायरीवर तिचा घोटा मुरगळला. थोडा वेळ बसून ती उठली. मोडेन पण वाकणार नाही अशातली ती. काठी टेकत पाचसहा धोंडे चाललीसुद्धा. पुढच्या फटीपाशी पाय टेकवेना. फोन नेहमीसारखा गाडीत होता, कारण दीपगृहात आपल्याला कोणी बोलावू नये असं तिचंच म्हणणं.

ती कशीबशी मागे फिरली. निशाण उतरलेलं पाहून गाव समजणार, थेडा घरी गेली. पुन्हा चढवलं तर मर्लला कळणार, आणि कळलं की संपलंच. समुद्र शांत होता, हवा छान होती, नि तिला आयुष्यात इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं. शेवटी तिनं निशाण चढवलं.

पण आले ते पाहुणेच. एक म्हातारा आणि त्याची लेक, ओहायोहून आलेले.

"ही म्हणत होती बंद झालं," म्हातारा धापा टाकत म्हणाला. "परत निघालो, तेवढ्यात निशाण वर जाताना दिसलं."

निशाण बघून आलेल्या माणसाला थेडानं आजवर परत पाठवलं नव्हतं. तिनं दार उघडलं, लेकीला वर दिव्याकडे पाठवलं आणि स्वतः म्हाताऱ्याशेजारी बाकावर बसली.

"तुमचा पाय सुजलाय," म्हातारा म्हणाला.

"तो असाच आहे."

"दुसरा का नाही मग?"

तेवढ्यात खाली शिडीला मर्लची बोट लागली. तो वर आला, त्यानं तिच्या घोट्याकडे पाहिलं.

"पाच वाजून गेले आणि निशाण वर. म्हटलं, एक तर मेली, नाहीतर पाय मोडलाय."

"मेल्यावर निशाण तुझ्या बापानं चढवलं असतं?"

"बाप तुझाही होता."

पाहुण्यांना वाटेला लावून, दार लावून, त्यानं तिला आधार देत बोटीत उतरवलं. बोट बंधाऱ्याला धरून चालली. एकेक धोंडा मागे पडताना थेडा बघत राहिली. यावरून आता आपण पुन्हा चालणार नाही हे तिला कळलं, आणि ते घोट्यापेक्षा जास्त दुखलं.

"मंडळाला सांग," ती म्हणाली. "मी दुकानात बसेन."

"बंधाऱ्यावरून चालणं बंद. ठरलंय ते ठरलंय." मर्लनं सुकाणू जरा वळवलं. "पाय बरा झाला की शनिवारी सकाळी धक्क्यावर ये. शेवंडीचे पिंजरे काढायला जाताना तुला टोकाला सोडीन, संध्याकाळी घेऊन येईन."

"आणि रविवारी? उन्हाळ्यात रविवारी पिंजरे काढायला बंदी आहे."

"रविवारी मला घरी झोप येत नाही."

मर्लसमोर थेडा आई गेली तेव्हाही रडली नव्हती. आज रडली, आणि तो बंदराकडे बघत बोट हाकत राहिला.